गुन्हा रक्तात नसतो, मग कुठे असतो? (चंबळ, ग्वाल्हेर आणि समाजशास्त्र)

मेधा_नयाबाजार (धागाकर्ती)

ग्वाल्हेरजवळच्या भिंड-मुरैन्याचं नाव निघालं की आपल्याकडे कुणीतरी म्हणतंच, "चंबळच्या पाण्याचाच गुण." शिकलेली मंडळी तेच जरा सभ्य शब्दांत सांगतात: रक्तातच आहे, घरचे संस्कार नाहीत. मी पदवीच्या मुलांना समाजशास्त्र शिकवते. गुन्ह्यावरचं प्रकरण सुरू झालं की पहिल्या तासाला वर्गातून पाणी, रक्त, संस्कार ही उत्तरं येतात, आणि मागून एक मुलगा "गरिबी" म्हणतो. या चारही उत्तरांनी आपल्याच भागाचा इतिहास उलगडत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा.

रक्ताचं आधी संपवते. १८७६ मध्ये लोंब्रोसो या इटालियन डॉक्टरने कैद्यांच्या कवट्या, जबडे मोजून 'जन्मजात गुन्हेगार' अशी एक जातकुळी असते असं मांडलं. शास्त्राने ते पुढे मोडीत काढलं. पण त्याच्याही पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा करून अख्ख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला होता.

आता गरिबी. आपले नावाजलेले बागी, म्हणजे चंबळचे डाकू, आठवा. मानसिंह खेडा राठौरच्या जमीनदार ठाकूर घरातला. पानसिंग तोमर सैन्यातला सुभेदार, स्टीपलचेसचा राष्ट्रीय विजेता, १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत देशाकडून धावलेला. दोघांच्याही गोष्टीत मुळाशी गावातलं वैर आणि जमीन आहे. पोटाला नव्हतं म्हणून बीहडात, म्हणजे नदीकाठच्या घळींत, उतरलेली ही माणसं नव्हेत. आणि खरोखर भुकेले असलेले, दुसऱ्याच्या शेतात राबणारे हजारो लोक कधी बीहडात गेले नाहीत.

इथे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन उपयोगी पडतो. १९३८ च्या लेखात त्याने अमेरिकेबद्दल म्हटलं की समाज सगळ्यांना एकच ध्येय दाखवतो, पैसा आणि यश, पण तिथे पोचायचे रीतसर रस्ते सगळ्यांना सारखे खुले ठेवत नाही. ताण त्या तफावतीतून येतो. काही जण ध्येय धरून ठेवतात आणि रस्ता बदलतात, काही ध्येय सोडून नियम तेवढे पाळत बसतात, काही दोन्ही सोडून नशेत किंवा रस्त्यावर जातात, काही ध्येय आणि रस्ता दोन्ही नवे मांडायला निघतात. बहुतेक जण मात्र आहे त्यातच चालत राहतात. मर्टनच्या चौकटीत पैशाच्या जागी जमीन आणि इज्जत ठेवून बघा. रीतसर रस्ता म्हणजे पटवारी, तहसील, ठाणं, कोर्ट. त्यात बीहड दर पावसाळ्यात शेताचा काठ खात जाणार, म्हणजे उरलेल्या जमिनीची किंमत आणखी वाढणार. प्रतिपक्षाचा माणूस ठाण्यात बसलेला असेल, तर रीतसर रस्ता तुमच्यासाठी बंद. अशा वेळी ज्याच्या घरात बंदूक आहे, ज्याच्या जातीची टोळी बीहडात आधीच आहे, त्याला दुसरा रस्ता समोर दिसतो. भुकेल्या मजुराकडे ना बंदूक, ना टोळीत ओळख. क्लोवर्ड आणि ओहलिन यांनी १९६० मध्ये नेमकं हेच दाखवलं की बेकायदा रस्तेसुद्धा सगळ्यांना सारखे खुले नसतात.

आणि हा रस्ता शिकावा लागतो. सदरलँडचा सिद्धांत सांगतो की गुन्हा जवळच्या माणसांत शिकला जातो. त्यातलं तंत्र शिकलं जातं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यामागची समर्थनं. "आम्ही गरिबाला हात लावत नाही", "खरे लुटारू वर्दीतले", "भावाच्या खुनाचा बदला घ्यायलाच हवा" ही वाक्यं बीहडात घोकली जात. १९५७ मध्ये साइक्स आणि मात्झा यांनी अमेरिकेतल्या पोरांबद्दल लिहिताना अशा समर्थनांचे पाच प्रकार सांगितले. आपल्या बाग्यांच्या मुलाखती वाचल्या तर पाचही सापडतात.

तुमचे अनुभव लिहा. विरोध असेल तर तोही मोकळेपणाने लिहा.

---

वसंत_मुरार

मेधाताई, मी बँकेतून निवृत्त झालो. उमेदीची बरीच वर्षं भिंडकडच्या शाखांत काढली. काउंटरवर माणूस दुनाळी खांद्याला लावूनच यायचा, पासबुक पुढे करायचा आणि बंदूक भिंतीला टेकवून सही करायचा. निवडणूक लागली की तीच बंदूक ठाण्यात जमा. त्यामुळे तुमचं वर्णन मला पटतं.

पण मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. गेल्या वर्षी थाटीपूरला आमच्या हिच्या गळ्यातलं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोन पोरांनी ओढलं. मानेवर वळ उठला, आणि आजही ती संध्याकाळी एकटी बाहेर पडत नाही. त्या पोरांवर समाजाचा किती ताण होता हे समजून घेऊन मी काय करू? त्याच गल्लीत, त्याच परिस्थितीत वाढलेली बाकीची पोरं अंडी विकतात, रिक्षा चालवतात. त्यांनी नाही ओढलं कुणाचं मंगळसूत्र.

---

मेधा_नयाबाजार

वसंतकाका, काकूंचं वाचून फार वाईट वाटलं. त्या पोरांना शिक्षा व्हायलाच हवी. कारण सांगणं म्हणजे माफी देणं नव्हे, हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते.

तुमचा दुसरा प्रश्न तर या शास्त्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. ट्रॅव्हिस हिर्शीने १९६९ मध्ये तोच उलटा करून विचारला: लोक गुन्हा का करतात हे सोडा, बहुतेक लोक का करत नाहीत ते सांगा. कॅलिफोर्नियात चार हजारांहून जास्त शाळकरी मुलांकडून माहिती भरून घेऊन त्याने चार धागे दाखवले. आईबाप आणि शिक्षकांविषयी ओढ. शिक्षण किंवा नोकरीत गुंतवलेलं काहीतरी, जे गमवायची भीती वाटते. दिवस भरून टाकणारं काम. आणि नियम योग्य आहेत असा विश्वास. अंडी विकणाऱ्या पोराकडे यातले दोन-तीन धागे शाबूत असतील. मंगळसूत्र ओढणाऱ्याकडचे कधी, कशाने तुटले हे शोधलं, तर पुढचं पोर तिथे पोचण्याआधी काही करता येतं.

दुसरं असं की समाजशास्त्र एका पोराचं भविष्य सांगत नाही, ते प्रमाणाबद्दल बोलतं. दुर्खेमने १८९७ मध्ये आत्महत्येवर लिहिताना दाखवलं की प्रत्येक माणसाचा निर्णय अगदी खाजगी असूनही समाजासमाजातलं प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास तेच राहतं. गुन्ह्याचंही तसंच. शॉ आणि मॅके या दोघांनी शिकागोत बाल न्यायालयात आलेल्या मुलांचे पत्ते नकाशावर मांडले, तेही अनेक दशकांचे. शहराच्या मध्याजवळच्या, कारखान्यांना लागून असलेल्या वस्त्यांत प्रमाण कायम जास्त. आधी तिथे जर्मन-आयरिश राहायचे, मग पोलिश-इटालियन आले. माणसं बदलली, वस्तीचं प्रमाण बदललं नाही. आणि बाहेर चांगल्या भागात राहायला गेलेल्यांच्या मुलांचं प्रमाण खाली आलं. रक्ताची गोष्ट तिथेच संपते.

---

अॅड_लष्कर

जिल्हा न्यायालयात फौजदारीची वकिली करतो. मला रोज दिसणारा भाग सांगतो, आणि तो पहिल्या गुन्ह्यानंतरचा आहे.

अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा मारामारीत किंवा मोबाइलचोरीत पकडला जातो. जामीनदार मिळत नाही म्हणून काही महिने आत. सुटून येतो तोवर काम गेलेलं. पुढे मोहल्ल्यात काहीही झालं की पहिली उचल त्याची. अशा दोन-तीन उचलीनंतर ठाण्याच्या 'निगरानी बदमाश' यादीत नाव चढतं. रात्री-अपरात्री शिपाई घरी हजेरी बघायला येतो, शेजारी खिडकीतून बघतात, बहिणीचं जमत आलेलं लग्न फिसकटतं. आणखी पुढे जिलाबदर. म्हणजे जिल्हा आणि आजूबाजूचे जिल्हे सोडून जा. जाईल कुठे? आत असताना ज्यांची ओळख झाली त्यांच्याकडेच जातो.

लेमर्टने १९५१ मध्ये यातला फरक नेमका मांडला होता. पहिलं कृत्य कशानेही घडू शकतं, पण समाज त्या कृत्यावरून माणसाची ओळख ठरवून टाकतो तेव्हा पुढची कृत्यं त्या ओळखीतून घडू लागतात. बेकरने १९६३ मध्ये हेच पुढे नेलं. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत सुमारे ७६ टक्के कैदी कच्चे होते, म्हणजे खटला चालू असलेले. त्यांतले किती निर्दोष सुटतील ते सुटतील, पण शिक्का बसून चुकलेला असतो.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे, ज्यात तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडता येतं. २०१५ चा बाल न्याय कायदा मुलाचं नाव छापायला मनाई करतो आणि दोषी ठरल्यामुळे मुलाला पुढे अपात्रता चिकटू नये अशी तरतूद करतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली पहिली चोरी असेल आणि माल परत केला तर शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. पण बाल न्याय मंडळाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आईला हे कुणी सांगत नाही. तिला एवढंच कळतं की शाळेने नाव काढलं.

मेधाताईंनी १८७१ चा कायदा काढलाच आहे. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, मात्र जागोजागी सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले. ठाण्यात आजही पारधी, बेडिया म्हटलं की तपास करण्याआधीच संशय पक्का. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातीवरून होणारा भेदभाव घटनाबाह्य ठरवावा लागला. त्यात या विमुक्त जमातींना सराईत मानणारे उल्लेखही होते. कायदा रद्द होऊन ७२ वर्षं झाल्यावर.

---

गिरीश_इंदूर

अॅडव्होकेट साहेब, तुमच्या पोस्टचा उत्तरार्ध मी आमच्या ग्रुपवर टाकू का? आमच्याकडे पारध्यांबद्दल फार वाईट बोललं जातं.

---

अॅड_लष्कर

जरूर टाका.

---

स्नेहल_पीएमटी

मी हा धागा वाचतेय आणि सगळे बीहड, वस्ती, मोबाइलचोर यांबद्दलच लिहितायत. मग व्यापमं, म्हणजे मध्य प्रदेशातला परीक्षा-घोटाळा, कुठे बसवायचं? त्यातले आरोपी कुणी झोपडीतले नव्हते. डॉक्टरांची, अधिकाऱ्यांची, व्यापाऱ्यांची मुलं होती. आपल्या शहरातलीही कितीतरी.

मी त्या काळात पीएमटीची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करत होते. एकाच कोचिंगला असलेल्या मुलांपैकी कुणाचं काय चाललंय याची कुजबुज असायची. सॉल्व्हर कोण, किती लाख, 'इंजिन-बोगी' म्हणजे काय. पुढच्या बाकावर पेपर सोडवणारा इंजिन आणि मागे नक्कल करणारा बोगी, असे रोल नंबर जुळवून घेतलेले. हे सगळं सतरा वर्षांच्या मुलांना ठाऊक होतं. कुणी गुन्हा म्हणायचंच नाही. "सेटिंग" म्हणायचे. आणि "सगळेच करतात" हे पालक म्हणायचे, मुलं नव्हे. २०१३ मध्ये इंदूरला धरपकड झाली, २०१५ मध्ये तपास सीबीआयकडे गेला, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३४ जणांचे प्रवेश रद्द केले. मी दोनदा परीक्षा दिली, नंबर लागला नाही. आज फार्मसी करून नोकरी करते. त्या बाकांपैकी एक माझा असू शकला असता, हा विचार अजून जात नाही.

---

मेधा_नयाबाजार

स्नेहल, हा प्रतिसाद मला या धाग्यावर हवाच होता.

तुझं उदाहरण मर्टनच्या चौकटीत जितकं चपखल बसतं तितकं बीहडही बसत नाही. डॉक्टर होणं हे एकमेव यश, सरकारी जागा मोजक्या, आणि घरात अपयशाला जागाच नाही. ध्येय तेच ठेवून रस्ता बदलला. वर सदरलँडही पूर्ण लागू: तंत्र कोचिंगच्या कट्ट्यावर शिकायचं, समर्थन घरच्या जेवणाच्या टेबलावर.

याच सदरलँडने १९३९ मध्ये पांढरपेशा गुन्हेगारीचा विषय काढला. तेव्हाचे सगळे सिद्धांत तुरुंगातल्या गरिबांकडे बघून रचलेले, म्हणून गरिबी हेच कारण निघायचं. त्याने अमेरिकेतल्या ७० बड्या कंपन्यांविरुद्ध न्यायालयांनी आणि सरकारी मंडळांनी दिलेले निर्णय गोळा केले. ९८० भरले. १९४९ मध्ये पुस्तक आलं तेव्हा प्रकाशकाने खटल्यांच्या भीतीने कंपन्यांची नावं काढून टाकली. नावांसकट आवृत्ती निघाली १९८३ मध्ये, सदरलँड जाऊन तीन दशकं उलटल्यावर. गुन्हेगार म्हणून कुणाचं नाव छापलं जातं आणि कुणाचं गाळलं जातं, हे अॅडव्होकेट साहेबांनी लिहिलेल्या यादीच्या शेजारी ठेवून बघा.

गुन्ह्यांच्या सरकारी आकड्यांचंही हेच. ते नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात. ज्या ठाण्यात तक्रार घेतली जाते तिथला आकडा वाढतो, ज्या ठाण्यातून माणसाला परत पाठवलं जातं तिथे शांतता दिसते.

---

हजिराकर

वडील जेसी मिल या कापडगिरणीत होते. भोंगा झाला की बिर्लानगरच्या लाइनी जाग्या व्हायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली. थकलेले पैसे मागत फिरण्यात वडिलांच्या पिढीचं म्हातारपण गेलं.

पगार गेला हे सगळ्यांना दिसतं. मला दुसरी गोष्ट सांगायची आहे. मिल चालू असताना आमच्या लाइनीत संध्याकाळी दुसऱ्या पाळीला न गेलेले सगळे बाप चबुतऱ्यावर बसायचे. कुणाचंही पोर शाळा बुडवून बसलेलं दिसलं की कुणीही काका कान धरायचा आणि घरी नेऊन सोडायचा. आई उलट त्याच्याच हातात चहा द्यायची. मिल गेल्यावर ते काका कुणी सुरतेला गेले, कुणी बँकेबाहेर बंदूक घेऊन गार्ड झाले, रात्रपाळी, दिवसा झोप. खोल्या भाड्याने गेल्या. नवीन माणसाच्या पोराचा कान कोण धरणार? त्याचा बाप भांडायला येईल. माझ्याबरोबर खेळलेल्यांपैकी दोघं स्मॅकच्या नशेत गेले. त्यांची घरं आमच्या घराहून गरीब नव्हती.

---

मेधा_नयाबाजार

हजिराकर, तुम्ही जे लिहिलंत त्यावर शिकागोत मोठा अभ्यास झाला आहे. सॅम्पसन, रॉडनबुश आणि अर्ल्स यांनी ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ लोकांना विचारलं: शाळा बुडवून कोपऱ्यावर उभ्या असलेल्या मुलांना तुमचे शेजारी हटकतील का? भिंतीवर रंग फासणाऱ्याला थांबवतील का? शेजाऱ्यांवर विश्वास आहे का? १९९७ मध्ये निष्कर्ष आला की सारख्याच गरिबीच्या वस्त्यांत, जिथे लोक हटकतात आणि एकमेकांवर भरवसा ठेवतात तिथे हिंसा कमी. आणि वस्तीत माणसं टिकून राहिली नाहीत, गरिबी एकाच जागी साचत गेली, की हे हटकणंही आटतं. तुमचे काका वाईट झाले नाहीत. त्यांना चबुतऱ्यावर बसायला वेळ आणि पाठबळ देणारी मिल गेली.

---

शरयू_दालबाजार

एक खटकलं. हे सगळं पोरांचं शास्त्र आहे. टोळी, कट्टा, शाळा बुडवणं. बायका कुठे आहेत?

मी एका समुपदेशन केंद्रात काम करते. आमच्याकडे येणाऱ्या बाईवर झालेला गुन्हा घराच्या आत झालेला असतो, आणि मोहल्ल्यातले हटकणारे काका तिथे दारातूनच परत जातात. "घरचा मामला" म्हणतात. म्हणजे शेजाऱ्यांची एकजूट काही गुन्हे थांबवते आणि काही झाकते. घरातल्या छळाला कायद्यात वेगळं कलम मिळायला १९८३ साल उजाडावं लागलं.

आणि बीहडाबद्दल लिहिताना फूलनचं नाव कुणीच घेतलं नाही. मल्लाहाची मुलगी, अकराव्या वर्षी लग्न, माहेरी जमिनीवरून चुलत घराशी वाद, मग टोळी आणि पुढचं सगळं. १९८३ च्या फेब्रुवारीत तिने भिंडला शरणागती पत्करली. मानसिंहाला गावाने मान दिला, तिला काय दिलं?

---

मेधा_नयाबाजार

शरयूताई, तुमचा आक्षेप शंभर टक्के रास्त आहे. हिर्शीने मुलींकडूनही माहिती भरून घेतली होती आणि विश्लेषणातून त्या सरसकट गाळल्या. सत्तरच्या दशकानंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी दाखवलं की गुन्ह्यात अडकणाऱ्या कितीतरी बायका आधी अत्याचार सोसलेल्या असतात, घरातून पळालेल्या असतात, आणि पळणं हाच त्यांचा पहिला 'गुन्हा' ठरतो. फूलनबाबत मर्टनपेक्षा हे जास्त लागू पडतं. जमीनदार ठाकुराला बीहड हा पर्याय होता, तिला तोही निवडायला मिळाला नाही.

---

गिरीश_इंदूर

मग चंबळच्या बाग्यांची सामूहिक शरणागती का यशस्वी झाली, हे कुणी सांगेल का? आमच्या घरी विनोबांचा फोटो आहे, पण चंबळचा प्रसंग मला धड माहीत नाही.

---

मेधा_नयाबाजार

गिरीश, मानसिंहाचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा झालेला कैदी. त्याने तुरुंगातून विनोबांना पत्र लिहिलं. १९६० च्या मे महिन्यात विनोबा भिंड-मुरैन्यात पायी फिरले आणि २० जणांनी हत्यारं खाली ठेवली. १९७२ मध्ये जयप्रकाशजींसमोर जौऱ्याला मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्यामागे शेकडो आले. बऱ्याच जणांनी मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात शिक्षा भोगली, जिथे शेती करता येत होती आणि घरचे भेटू शकत होते.

लाउब आणि सॅम्पसन यांनी बॉस्टनच्या बालसुधारगृहांतल्या ५०० मुलांचा माग वयाच्या सत्तरीपर्यंत काढला. गुन्हेगारी सुटली ती लग्न, सैन्य, टिकाऊ काम अशा वळणांवर, कारण तिथे आधीच्या आयुष्यापासून माणूस तोडला जातो आणि नवी बांधिलकी मिळते. शरणागतीने हेच केलं. सगळ्या गावासमोर, गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदूक ठेवायची, म्हणजे शिक्का समारंभपूर्वक उतरवायचा, आणि मागोमाग जमीन, मुलांचं शिक्षण. पोलिसांचा दबाव, नवे रस्ते हेही होतंच. एकाच कारणाला मी श्रेय देणार नाही.

आणि चंबळ शांत झाली असंही समजू नका. आता वाळू आणि दगड. चंबळ अभयारण्यात उत्खननाला बंदी आहे, तरी ट्रॉल्या रात्रभर चालतात. २०१२ मध्ये मुरैन्यात दगडांची ट्रॉली अडवताना एका तरुण आयपीएस अधिकाऱ्याला चिरडलं. पकडला जातो तो ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, वीस-बावीस वर्षांचा. वाळू विकत घेणारे आपल्यासारखेच, घर बांधणारे.

वसंतकाका, त्या शाखांत जमिनीचे वाद तुमच्यापर्यंत कसे यायचे ते लिहाल का? वर्गात सांगायचं आहे.

---

वसंत_मुरार

मेधाताई, त्या दोन पोरांबद्दल माझं मत बदललेलं नाही, शिक्षा कडकच हवी. पण हिर्शीचं पटलं.

तुम्ही विचारलंत म्हणून एक सांगतो. दोन सख्खे भाऊ ट्रॅक्टरसाठी वेगवेगळे अर्ज घेऊन आले, दोघांच्या कागदावर खसरा नंबर (जमिनीचा तुकडा) एकच. बापाने वाटणी तोंडी केली होती, नामांतरण झालंच नव्हतं. मी नियमाप्रमाणे दोघांनाही तहसीलमधून बटवाऱ्याचा आदेश आणायला सांगितलं. थोरला दर पेशीला (सुनावणीला) जायचा आणि परत येताना शाखेत पाणी प्यायला थांबायचा. कधी पटवारी नसायचा, कधी वकील, कधी धाकटाच येत नसे. माझी बदली झाली तोवर आदेश आला नव्हता, आणि दोघांनीही तेवढ्या काळात बंदुकीच्या लायसन्सचे अर्ज मात्र टाकले होते. लायसन्स आधी आलं. बाकीचं वेळ काढून वेगळ्या धाग्यात लिहितो.